नव्या वैमानिकाचा पगार कसा मोजतात?

आकाशांत विमानाचा आवाज आला, कीं वर्गांतील निम्मीं मुलें खिडकीकडे पाहतात, आणि त्यांपैकीं दोघेतिघे तरी आपण वैमानिक होणार असें सांगतात. "वैमानिकाला पगार किती?" हा पालकांचा पुढचा प्रश्न. प्रश्न योग्य आहे. पण पगार किती यापेक्षां तो कशाचा मिळतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रादेशिक विमान-कंपन्यांचें उदाहरण या कामीं फार चांगलें आहे.

लहान शहरांतील उतारू मोठ्या विमानतळावर आणून पोंचविण्याचें काम या कंपन्या करितात. विमानावर नांव बहुधा युनायटेड, डेल्टा किंवा अमेरिकन अशा एखाद्या बड्या कंपनीचें असतें. तिकिटेंही बहुधा तीच विकते. विमान चालविणारा मात्र स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय अशा दुसऱ्याच कंपनीचा नोकर असतो, आणि त्या कंपनीला ठरलेल्या कराराप्रमाणें उड्डाणांचा मोबदला मिळतो. करार मिळवावयाचा तर खर्च कमी दाखवावा लागतो. वेतनावर ताण पडतो तो येथूनच.

आतां हिशेब. वेतन मोजतात तें तासावर. विमान आपल्या जागेवरून हललें, कीं घड्याळ सुरू होतें; मुक्कामीं पोंचून पुन्हां जागेवर उभें राहिलें, कीं बंद होतें. हवामानाचे कागद वाचणें, विमानाभोंवतीं फिरून तें तपासणें, दोन उड्डाणांमध्यें विमानतळावर बसून राहणें, यांस हा दर सामान्यतः लागत नाहीं. समजा, एक वैमानिक पहाटे ५ वाजतां हजर झाला, त्यानें सव्वा-सव्वा तासाचीं तीन उड्डाणें केलीं आणि दुपारीं २ वाजतां तो मोकळा झाला. कामावर गेले ९ तास. दराचे भरले ३ तास ४५ मिनिटें! दिवसाला किमान अमुक तास धरावे, असें कलम कांहीं करारांत असतें, तेवढाच दिलासा. घरापासून दूर असलेल्या प्रत्येक तासाला भोजनखर्चासाठीं सुमारे दोन डॉलर वेगळे मिळतात. पण तो पगार नव्हे.

महिन्यांत उड्डाणें कमी आलीं तर? त्यासाठीं किमान हमी असते, बहुधा ७५ तासांच्या आसपास. नवा माणूस पुष्कळदां 'राखीव' असतो: दूरध्वनीजवळ तयार राहावयाचें, आणि बोलावणें येतांच निघावयाचें. बोलावणें न आलें तरी हमीचे पैसे मिळतात. उलट, कितीही हौस असली तरी वर्षाला १००० तासांपेक्षां अधिक उड्डाण करण्यास तेथील कायद्याची मनाई आहे.

विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. २०१० च्या आधींच्या दशकांत पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाचा दर तासाला २० ते २५ डॉलर असे. २२ डॉलर धरले तर महिन्याचे १,६५० व वर्षाचे १९,८०० डॉलर होतात. कर्ज काढून शिकलेल्या माणसाला हे किती पुरणार? १२ फेब्रुवारी २००९ रोजीं कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचें विमान बफेलो शहराजवळ कोसळून ५० माणसें दगावलीं. विमानाचा तोल जात असतां कप्तानानें उलटी कृति केली, असा निष्कर्ष निघाला. पण चौकशींत तुटपुंजा पगार आणि थकवा यांचीही चर्चा झाली. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्रीं पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटलहून निघून रात्रभर प्रवास करीत न्यूअर्क येथें कामावर आली होती. पगार कमी म्हणून अपघात झाला, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. पण ज्याला कामाच्या गांवीं खोली परवडत नाहीं, त्याची झोप कोठें होत असेल?

२०१० मध्यें नवा कायदा झाला, आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सामान्यतः १५०० तासांच्या अनुभवाची अट लागू झाली. सैन्यांतील वैमानिक व विमानविद्येचे पदवीधर यांना कांहीं सूट आहे. (आपल्याकडे व्यावसायिक परवान्यास २०० तास लागतात.) हे तास भरण्यासाठीं तेथील तरुण बहुधा इतरांना विमान शिकवितात. पात्र माणसें दुर्मिळ झालीं. त्यांतच २०२० च्या महामारींत अनेक ज्येष्ठ वैमानिक मुदतीपूर्वीं निवृत्त झाले, आणि पुढें बड्या कंपन्यांनीं प्रादेशिक कंपन्यांतून माणसें ओढून घेतलीं. जून २०२२ मध्यें पीडमॉन्ट व एन्व्हॉय यांनीं पहिल्या वर्षाचा दर ९० डॉलर जाहीर केला. त्यांतील कांहीं भाग तेव्हां तात्पुरता म्हणून होता. तोच गुणाकार आतां वर्षाला ८१,००० डॉलर दाखवितो.

एक गोष्ट मात्र पालटली नाहीं: ज्येष्ठताक्रम. नोकरीस लागल्याच्या तारखेवरून क्रमांक मिळतो, आणि कोणता मार्ग, कोणती सुटी, कप्तानाची जागा केव्हां, हें त्या क्रमांकावरच ठरतें. कंपनी बदलली कीं क्रमांक पुन्हां तळाला, अनुभव कितीही असो. त्यामुळें कोणत्या कंपनीचा दर आज एकदोन डॉलरांनीं चढा आहे, यापेक्षां तेथें कप्तान होण्यास किती वर्षें लागतात, हें जाणता उमेदवार आधीं विचारतो. नोकरी धरतांना मिळणाऱ्या बक्षिसाचेंही तसेंच. तें बहुधा ठराविक मुदतीच्या अटीवर असतें, आणि मुदतीपूर्वीं सोडून जाणाऱ्यास तें पूर्णतः वा अंशतः परत करावें लागतें.