फिनाईल ओतण्याआधी जरा थांब

अगं, आधारतालला दवाखाना टाकतेयस हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! सामानाची यादीही वाचली. टेबल, ऑटोक्लेव्ह, लसींचा फ्रिज, सगळं नीट धरलंयस. फक्त शेवटी 'डेटॉल, सॅव्हलॉन, फिनाईल, स्पिरिट' हे चार शब्द घाईघाईत उरकलेयस, त्याबद्दल जरा बोलू या. आपलं जबलपूरचं पशुवैद्यकीय कॉलेज १९४८ सालचं. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीनं जंतुनाशकांचा तक्ता परीक्षेपुरता घोकलाय. दुकान मांडल्यावर मात्र आपण सगळ्या वासावर जातो. झणझणीत वास आला की जंतू मेले, असं जनावराच्या मालकाला वाटतं आणि हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं.

बाटली उचलण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. हे जिवंत कातडीवर जाणार आहे की फरशीवर? समोर कोणता जंतू असण्याची शक्यता आहे? आणि जागा आधी धुतली आहे का? तिसऱ्या प्रश्नावरच निम्मी लढाई जिंकली किंवा हरली जाते. शेण, रक्त, पू, लाळ यांच्यावर क्लोरीन ओतलंस तर ते त्या घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडतं, जंतूपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी खरवड, साबणाच्या पाण्यानं घास, साध्या पाण्यानं धू, पाणी निथळू दे आणि मगच औषध. मधली साध्या पाण्याची पायरी गाळू नकोस. सॅव्हलॉनमध्ये सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्झिडीन असतं आणि साबणाचा अंश राहिला तर दोन्ही लुळी पडतात. साबण चांगला, सॅव्हलॉनही चांगलं, पण दोघांची गाठ पडली की दोघंही कामातून जातात.

आता जंतूचं बघ. पावसाळ्यात तुझ्याकडे रक्ताची हगवण लागलेली पिल्लं येतील. पार्वो. त्याच आठवड्यात डिस्टेंपरचंही एखादं येईल. डिस्टेंपरच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं. साबण, स्पिरिट, साधी औषधं, कशानंही ते फाटतं. पार्वोला ते आवरण नाही, म्हणून तो चिवट. फरशीच्या भेगेत महिनोन्महिने तग धरतो आणि फिनाईल, सॅव्हलॉन, स्पिरिट यांना दाद देत नाही. फिनाईलच्या डब्यावर 'आर. डब्ल्यू.' म्हणून एक आकडा छापलेला असतो. ती रिडील-वॉकर चाचणी १९०३ सालची आणि ती घेतात टायफॉइडच्या जंतूवर. आकडा कितीही मोठा असला तरी पार्वोबद्दल तो एक अक्षर सांगत नाही.

पार्वोला हवं हायपो. चार टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट आणलंस तर ५० मिलि हायपो आणि ९५० मिलि पाणी. झालं ०.२ टक्के. आणि फरशी दहा मिनिटं ओली राहायला हवी. इथेच गंमत होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो, वर पंखा गरगरत असतो, पोछा मारला की तीन मिनिटांत फरशी कोरडी ठाक. औषध बरोबर, माप बरोबर आणि विषाणू जिवंत. पंखा बंद कर, खिडकी उघडी ठेव, घड्याळ लाव आणि सुकलं की पुन्हा ओलं कर. हायपो ऊन आणि उष्णता सोसत नाही. गडद कॅनमध्ये, सावलीत, तारीख बघून ठेव आणि पातळ केलेलं रोजच्या रोज ताजं कर. ॲसिडच्या बाथरूम क्लीनरमध्ये तर चुकूनही मिसळू देऊ नकोस, क्लोरीन वायू सुटतो. मुताच्या थारोळ्यावरही थेट ओतायचं नाही, त्यातल्या अमोनियाशी मिळून छाती जाळणारा वायू तयार होतो. आधी धुवायचं, हे इथेही आलंच.

मांजरांचं वेगळं सांगते. मालक कौतुकानं म्हणेल, "मॅडम, घाव पे डेटॉल लगा दिया है." कुत्र्याच्या बाबतीत फार तर आग होईल. मांजराचं यकृत फिनॉलच्या जातीची द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही आणि मांजर अंग चाटल्याशिवाय राहत नाही. डेटॉल त्याच गोतातलं, फिनाईलही. मांजरांच्या पिंजऱ्यांपासून दोन्ही लांब ठेव आणि मालकाला न ओरडता कारण समजावून सांग. घरी गेल्यावर तो चार जणांना सांगतो.

जखमेकडे येऊ. सगळ्यात मोठं औषध म्हणजे भरपूर सलाईन. ५० सीसीची सिरिंज भरून धार मारत राहा, माती, केस, अळ्या निघून जाऊ देत. मग क्लोरहेक्झिडीन वापरायचं तर ०.०५ टक्के. म्हणजे दोन टक्क्यांचं साधं द्रावण २५ मिलि घेऊन निर्जंतुक पाणी घालून लिटरभर करायचं. सलाईनमध्ये कालवलंस तर कधी कधी साका खाली बसतो. फेसाचा स्क्रब जखमेत घालायचा नाही, तो हातांसाठी आणि ऑपरेशनआधीच्या अखंड कातडीसाठी. डोळ्याजवळ आणि पडदा फाटलेल्या कानात क्लोरहेक्झिडीन अजिबात नको, बुबुळ आणि आतला कान दोन्ही दुखावतात. डोळ्याभोवतीची कातडी साफ करायला पोव्हिडोन आयोडीनचं साधं द्रावण पन्नास पट पातळ करून चालतं.

पोव्हिडोनचं एक नवल आहे. दहा टक्क्यांचं आलेलं द्रावण पातळ केलं की काही मर्यादेपर्यंत त्याची मारकशक्ती वाढते, कारण जखडलेलं आयोडीन मोकळं सुटतं. जखमेसाठी फिक्या चहासारखा रंग दिसेपर्यंत पातळ कर. घट्ट ओतलं तर जंतूंबरोबर नव्यानं भरून येणाऱ्या पेशीही मरतात. पांढऱ्या फेसाचा पेरॉक्साइड मालकांना फार आवडतो, काहीतरी घडताना दिसतं ना! पण तो रोज घातला तर जखम भरणं लांबतं आणि खोल, बंद पोकळीत घातला तर वायूचा बुडबुडा रक्तात जाण्याचं भय असतं.

स्पिरिटमध्ये ७० टक्क्यांचंच चांगलं. जास्त कडक स्पिरिट लवकर उडून जातं आणि त्याला प्रथिनं गोठवायला लागणारं पाणीच कमी पडतं. उघड्या जखमेवर लावायचं नाही. कॉटरी चालवायची असेल तर आधी कातडी पूर्ण वाळू दे, नाहीतर भडका उडेल.

आणि टेबलावरची ती स्टीलची बरणी! सॅव्हलॉनच्या पाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे, वर झाकण. बोळे संपत आले की वरून नवे टाकायचे, पाणी कमी झालं की वरून ओतायचं. कापूस औषधाचा अंश शोषून घेतो, पाणी दिवसेंदिवस कमजोर होतं आणि त्यात स्यूडोमोनास आरामात वाढतो. मग इंजेक्शनआधी आपण कातडी पुसतो ती त्याच जंतूंनी. रोज सकाळी बरणी रिकामी कर, धू, ऑटोक्लेव्ह कर, दिवसभर पुरतील एवढेच बोळे भर. बोळे उचलायचा चीटल फोर्सेप उभा ठेवतेस त्या बाटलीलाही हाच नियम. बाकी पोलादी हत्यारं औषधात बुडवून ठेवायचीच नाहीत. १२१ अंश, १५ पौंड दाब, आणि गुंडाळलेल्या गाठोड्याला मोकळ्या हत्यारांपेक्षा जास्त वेळ. ग्लुटराल्डिहाइड फक्त उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी.

परियट नदीकाठच्या डेअऱ्यांमधून तुला बोलावणी येतीलच. तिथे म्हशींना लाळ्या खुरकूत लागली तर महागडं औषध शोधत बसू नकोस. हा विषाणू पीएच सहाच्या खाली किंवा नऊच्या वर टिकत नाही. धुण्याचा सोडा, लिटरला ४० ग्रॅम. किराण्याच्या दुकानात मिळतो. गोठ्याची जमीन आधी खरवडून घ्यायची, मग हे पाणी. तुझ्या गमबुटांचे तळवे ब्रशनं घासून यातच बुडवायचे, गाडीच्या चाकांवरही मारायचं. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात रोग नेणारं सगळ्यात सोयीचं वाहन म्हणजे आपण, डॉक्टर. दारात पाय बुडवायला ठेवलेल्या तसराळ्यात शेण तरंगत असेल तर त्याचा उपयोग शून्य, बदलायला सांग.

गवळ्यांना आणखी एक शिकव. धार काढून झाली की सड आयोडीनच्या अर्धा टक्का द्रावणात बुडवायचे आणि लगेच म्हशीपुढे वैरण टाकायची. सडाचं तोंड धारेनंतर अर्धा तासभर उघडं असतं. तेवढा वेळ म्हैस उभी राहिली तर कास शेणात टेकत नाही आणि कासदाह कमी होतो. वैरण तर ते टाकतातच, फक्त वेळ बदलायची.

तर यादी अशी कर: एक क्लोरहेक्झिडीन, एक पोव्हिडोन, ७० टक्के स्पिरिट, हायपो आणि धुण्याचा सोडा. तेवढ्यात बहुतेक गोष्टी भागतात. प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख आणि पातळ करायचं माप हिंदीत लिहून चिकटव, कारण फरशी तू पुसणार नाहीस, तुझा मदतनीस पुसणार. 'थोडा और डाल दो' ही त्याची सवय मोडायला मापाचा मग दे. घट्ट औषध रोज हाताळणाऱ्याची कातडी आणि छाती आधी जाते. पहिल्या दिवसापासून त्याला रबरी हातमोजे आणि गमबूट दे, फाटले की त्याच दिवशी नवे दे आणि त्याचा खर्च दवाखान्याच्या खात्यात टाक, त्याच्या पगारातून कापू नकोस.