कम्ब्रियाचा पाऊस आणि विक्रमांचा भरवसा

इंग्रजी वाङ्मय हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला 'लेक डिस्ट्रिक्ट' नकाशावर चटकन दाखवता आला नाही, तरी मनाने तो तेथे जाऊन आलेला असतो. तळी, डोंगर, कुरणे, फुले, आणि त्यांतून फिरणारा वर्डस्वर्थ! पण या प्रदेशाचा दुसराही एक इतिहास आहे. तो पर्जन्यमापकांच्या नोंदवह्यांत आणि वाहून गेलेल्या पुलांत लिहिलेला आहे. वर्डस्वर्थचा जन्म १७७० साली ज्या कॉकरमथ गावी झाला, त्या गावच्या मुख्य रस्त्यावर नोव्हेंबर २००९ मध्ये काही ठिकाणी अडीच मीटर पाणी चढले. कवीच्या जन्मघराची नदीकाठची बागही त्या पुरात उद्ध्वस्त झाली. या दुसऱ्या इतिहासाविषयी मला येथे थोडे लिहावयाचे आहे.

हा प्रदेश इंग्लंडच्या वायव्य टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेला लागून असलेल्या कम्ब्रिया कौंटीत येतो. कौंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कम्बरलंड आणि वेस्टमोरलंड या दोन जुन्या कौंट्या व शेजारचे काही भाग एकत्र करून १९७४ साली कम्ब्रिया तयार झाली. २०२३ मध्ये तिचा कारभार पुन्हा दोन परिषदांत विभागला गेला. लोकसंख्या अवघी पाच लाखांच्या घरात. वस्ती विरळ, मेंढपाळीचा धंदा मोठा. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्कॉफेल पाइक येथलेच. त्याची उंची ९७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे ते ठेंगणेच. परंतु अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या दमट नैर्ऋत्य वाऱ्यांना आडवे येण्यास एवढी उंची पुरते.

प्रतिरोध पर्जन्य आपण शाळेपासून शिकतो, आणि घाट चढून-उतरून तो अनुभवतोही. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातील तफावत कोणाला सांगावी लागत नाही. कम्ब्रियातही तेच घडते. बॉरोडेल खोऱ्याच्या माथ्याशी सीथवेट नावाची चार घरांची शेतवाडी आहे. तेथे वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दहा-बारा किलोमीटरांवरील केझिक गावी त्याच्या निम्मा, आणि पूर्वेकडे ईडन नदीच्या खोऱ्यातील पेनरिथला ९०० मिलिमीटरांच्या आसपास. फरक असा की तेथे पावसाळा म्हणून वेगळा ऋतू नाही. बारमाही पाऊस, त्यातला जोराचा ऑक्टोबर ते जानेवारीत.

आता हे आकडे माणसाला कळले कसे? या कथेतील पहिले नाव आपल्याला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून परिचित आहे. अणुसिद्धान्ताचा जनक जॉन डाल्टन कॉकरमथजवळच्या ईगल्सफील्ड खेड्यात १७६६ साली जन्मला. केंडल येथे शाळामास्तर असताना, वयाच्या विसाव्या वर्षी, २४ मार्च १७८७ रोजी त्याने हवेच्या नोंदींची वही सुरू केली. ती २६ जुलै १८४४ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत, चालली. सत्तावन्न वर्षे, दोन लाखांहून अधिक नोंदी! केझिकला पीटर क्रॉस्थवेट नावाचा एक वस्तुसंग्रहालयवाला होता. तो आपल्या गावच्या नोंदी ठेवी आणि दोघे त्या ताडून पाहत. हवेत बाष्प कसे राहते, या पावसाळी प्रश्नाचा पाठपुरावा करतच डाल्टन वायूंच्या मिश्रणाकडे आणि पुढे अणूकडे गेला. त्याच्या पुस्तकांपैकी पहिले, १७९३ सालचे, हवामानावरच आहे. ही गोष्ट आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनाही क्वचितच ठाऊक असते.

डाल्टनच्या नोंदी गावातल्या. डोंगरात पर्जन्यमापक नेऊन ठेवले ते व्हाइटहेवनच्या जॉन फ्लेचर मिलर याने, १८४४ नंतरच्या काही वर्षांत. सीथवेटला वर्षाकाठी १५० इंचांपर्यंत पाऊस पडू शकतो, हे त्याच्यामुळे उघड झाले. म्हणजे हा पाऊस शतकानुशतके पडत होता. वहीत आला तो मिलर तेथे गेल्यावर. माझ्या मते या विषयाची किल्ली येथेच आहे. विक्रम जेवढा आभाळाचा असतो, तेवढाच तो मापक कोठे ठेवला होता याचाही असतो. मुंबईकरांना हे पटवून द्यावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. सांताक्रूझचा मापक नसता, तर त्या दिवसाचा विक्रम कोणत्या आकड्याने सांगितला असता?

पावसाइतकाच येथला वाराही विलक्षण आहे. ब्रिटनमध्ये स्वतःचे नाव असलेला वारा एकच, तो म्हणजे 'हेल्म विंड'. कौंटीच्या पूर्वेस पेनाइन डोंगररांग आहे. ईशान्येकडून येणारी थंड हवा तिचा पूर्वेकडील सौम्य उतार सावकाश चढते आणि क्रॉस फेलच्या (८९३ मीटर) पश्चिमेकडील तीव्र उतारावरून ईडनच्या खोऱ्यात कोसळते. त्या वेळी माथ्यावर शिरस्त्राणासारखा ढग बसतो. त्यावरून हे नाव. आणखी काही किलोमीटर पश्चिमेला, आभाळात दुसरा एक लांबट ढग आडव्या दांडीसारखा जागच्या जागी स्थिर राहतो. पायथ्याच्या खेड्यांत उभे राहवत नाही असा सोसाटा, आणि त्या दांडीखाली मात्र वारा पडलेला किंवा उलट दिशेचा! दरहॅम विद्यापीठातील भूगोलाचे अध्यापक गॉर्डन मॅन्ली यांनी ग्रेट डन फेलच्या माथ्यानजीक एक लाकडी खोपटे उभारून १९३७ ते १९४१ या काळात तेथे निरीक्षणे केली. डोंगर ओलांडल्यावर हवेत उभी लाट तयार होते. नदीतल्या धोंड्यामागे पाणी उसळून तेथेच राहते, तशी. हेल्म विंड म्हणजे त्या लाटेचा उतार आणि तो दांडीचा ढग म्हणजे तिचा पुढचा उंचवटा, असे त्यांनी दाखविले. हिवाळ्यात तो डोंगर चढून बर्फाने गोठलेली उपकरणे वाचणारा हा प्राध्यापक मला फार आवडतो.

जुन्या आपत्तींपैकी दोन सांगितल्याच पाहिजेत. २२ ऑगस्ट १७४९ रोजी सेंट जॉन्स इन द व्हेल या दरीत ढगफुटी झाली. डोंगरावरून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्यात गिरणी नाहीशी झाली आणि शेते गाडली गेली. दुसरी नोव्हेंबर १७७१ ची. अतिवृष्टीने सॉल्वे मॉस ही दलदल पाणी पिऊन फुगली आणि १६ तारखेच्या रात्री फुटली. कुजलेल्या वनस्पतींचा काळा लगदा शेकडो एकर सुपीक जमिनीवर पसरला आणि झोपेतून उठलेली कुटुंबे परागंदा झाली. त्याच पावसाने पलीकडच्या टाइन नदीवरील जवळजवळ सर्व पूल पाडले. पुढे नोव्हेंबर १८९८ चा केंडल-केझिकचा महापूर, फेब्रुवारी १८९५ मध्ये गोठलेले विंडरमिअर सरोवर, मेंढ्यांचे कळप बर्फाखाली गाडणारे १९४७ व १९६३ चे हिवाळे. यादी लांबविता येईल. पण मला एकविसाव्या शतकातील अवघ्या अकरा वर्षांकडे वळले पाहिजे.

८ जानेवारी २००५. कौंटीचे मुख्य शहर कार्लाइल येथे ईडन, कॅल्ड्यू आणि पेटेरिल या तीन नद्या मिळतात. त्या रात्री वादळाने वीज गेली, आणि पाणी सुमारे १,८०० घरा-दुकानांत शिरले. तीन माणसे दगावली. पोलीस ठाणे, अग्निशामक केंद्र आणि नगर कचेरी, म्हणजे ज्यांनी मदतीला धावायचे तीच ठिकाणे, पाण्यात गेली. १८२२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे ठरले. मग सुमारे ३ कोटी ८० लाख पौंड खर्चून भिंती व बांध उभारले गेले. ते काम २०१० मध्ये पुरे झाले.

दरम्यान १९ नोव्हेंबर २००९ रोजी सीथवेटला चोवीस तासांत ३१६.४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याआधीचा ब्रिटनचा एका दिवसाचा विक्रम (२७९ मिलिमीटर, १८ जुलै १९५५) दक्षिणेकडील डॉर्सेटच्या सखल भागात, उन्हाळी गडगडाटी पावसाचा होता. सीथवेटचा पाऊस अगदी निराळा, ना विजा, ना कडकडाट. अटलांटिकवरून दमट हवेचा लांबच लांब पट्टा एकाच दिशेने येत राहिला. वरच्या ढगातून पडणारे थेंब डोंगराला टेकलेल्या खालच्या ढगातले तुषार गोळा करीत जाड होत गेले. हिशेब केला तर तासाला सरासरी तेरा मिलिमीटर. मुंबईत एवढ्या पावसात लोक छत्री उघडून कामाला जातात! मात्र तो चोवीस तास थांबला नाही, आणि खालची जमीन आधीच भिजून तुडुंब होती. ते सारे पाणी डरवेंट नदीने दोन तळ्यांतून कॉकरमथला आणि तेथून समुद्रकाठच्या वर्किंग्टनला नेले. २० तारखेला पहाटे वर्किंग्टनचा नॉर्थसाइड पूल कोसळला. वाहनांना पुलावर जाण्यापासून थोपविणारा एक पोलीस शिपाई त्याबरोबर गेला. दुसरा रस्त्याचा पूलही निकामी झाल्याने गावाचे दोन तुकडे झाले. रेल्वेचा पूल तेवढा शाबूत होता. म्हणून आठ-दहा दिवसांत नदीच्या उत्तरेला एक तात्पुरते स्थानक उभारले गेले, आणि लष्कराने पादचाऱ्यांसाठी बांधलेला पूल ७ डिसेंबरला खुला झाला.

कॉकरमथलाही नवे बांध आले. पाणी चढले की आपोआप वर उचलला जाणारा अडसरही तेथे बसविला, आणि २०१३ मध्ये ते काम झाले. अडीच वर्षेही गेली नाहीत तोच ५ डिसेंबर २०१५ ला 'डेस्मंड' वादळ आले. सीथवेटपासून हाकेच्या अंतरावरील हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर, आणि थर्लमिअर येथे दोन दिवसांत ४०५ मिलिमीटर पाऊस झाला. कॉकरमथचे बांध ओलांडून पाणी आत आले. कार्लाइलला ते २००५ च्या खुणेच्या सुमारे साठ सेंटिमीटर वर गेले आणि या वेळी सुमारे दोन हजार मालमत्ता बुडाल्या. भिंती पडल्या नाहीत. त्या पाण्यापेक्षा बुटक्या ठरल्या, एवढेच. त्यांनी लोकांना काही तासांची उसंत दिली हेही खरे. पण भिंत बांधल्यावर ज्यांनी नवे फर्निचर आणि नव्या फरशा केल्या, त्यांना ही उसंत किती समाधान देणार?

येथे 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दप्रयोगाचा विचार केला पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा आला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही. त्याचा खरा अर्थ, असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शेकडा एक, इतकाच आहे. फासा दर वर्षी नव्याने पडतो. गेल्या वर्षी काय पडले याची त्याला आठवण नसते. हिशेब मांडून पाहा. सत्तर वर्षांच्या आयुष्यात नदीकाठच्या माणसाला असा पूर एकदा तरी दिसण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक भरते. त्यात हा 'शंभर' आकडा काढावयाचा तो बहुधा तीस-चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदींवरून. शिवाय हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे फासाही पूर्वीचा राहिलेला नाही.

म्हणून नोंदवही मागे नेण्याचा प्रयत्न चालू आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात गोडी वाटावी. चर्चची दप्तरे, जुनी वर्तमानपत्रे, पुलांवर कोरलेल्या पुराच्या खुणा यांतून दीडदोनशे वर्षे मिळतात. त्याहून मागे जाण्यासाठी संशोधकांनी डरवेंटच्या वाटेवरील बॅसनथ्वेट सरोवराच्या तळाचा गाळ नळीने उभा उपसून काढला. मोठा पूर जाड वाळू आणतो, लहान पूर बारीक. एकावर एक बसलेले थर पानांसारखे वाचता येतात. सुमारे साडेपाचशे वर्षांच्या या वहीत २००९ आणि २०१५ चे थर सर्वांत जाड कणांचे निघाले. डाल्टनने लेखणी उचलण्यापूर्वीचीही तीनएकशे वर्षे त्यात आली.

भिंतींची उंची वाढविण्याची कामे पुढेही झाली आहेत, परंतु काही ठिकाणी विचाराची दिशा बदलली. अल्सवॉटर सरोवराच्या तोंडाशी असलेला १७६४ चा दगडी 'पूली ब्रिज' २०१५ च्या पुरात वाहून गेला होता. त्याचे खांब प्रवाहात होते. २०२० साली उघडलेला नवा पूल एकाच कमानीचा, पोलादी आहे आणि पात्रात त्याचा एकही खांब नाही. हॉसवॉटरजवळच्या स्विंडेल खोऱ्यातील ओढा, शेतीला जमीन मिळावी म्हणून, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी खणून सरळ केलेला होता. तेथून पाणी बाणासारखे खाली सुटे. २०१६ मध्ये त्याला पुन्हा वळणे खोदून दिली गेली. आता पुराचे पाणी दोन्ही काठच्या कुरणांवर पसरते, रेंगाळते, दगडगोटे तेथेच टाकते. काही महिन्यांतच सामन मासे त्या नव्या वळणांत अंडी घालण्यास परत आले.