पूरकाळातील संदेशवहन आणि जीपमधील बिनतारी संच

परभणी जिल्ह्याची काळी कसदार जमीन ही जिल्ह्याची खरी संपत्ती होय. परंतु पावसाळ्यात हीच जमीन दळणवळणाच्या वाटेतील मोठा अडथळा ठरते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या फुगल्या की ओढ्यानाल्यांचे पाणी मागे सरते, शेतरस्ते चिखलात बुडतात आणि नदीकाठच्या गावांचा तालुक्याशी असलेला संबंध तुटतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या प्रभावाने मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीच्या वेळी याचा प्रत्यय आला. अशा वेळी गावापर्यंत पोहोचू शकते ती चारही चाकांना गती असलेली जीप किंवा ट्रॅक्टर. मात्र वीज खंडित झाली आणि मनोऱ्यावरील बॅटऱ्या उतरल्या की भ्रमणध्वनी मुका होतो. मग गावात पोहोचलेल्या वाहनाला तेथील स्थिती कळते, पण ती तालुक्याला कळविता येत नाही. ही उणीव वाहनावरील बिनतारी संच भरून काढू शकतो.

हौशी रेडिओची उपयुक्तता

केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविणाऱ्या आणि स्वतःच्या संचावरून परस्परांशी संपर्क साधणाऱ्या व्यक्तींना हौशी रेडिओचालक अथवा ‘हॅम’ म्हणतात. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास ही परीक्षा देता येते. व्यापारी संदेश, संगीत आणि सांकेतिक भाषा यांना या सेवेत मज्जाव आहे. मात्र नैसर्गिक आपत्तीत नेहमीची साधने बंद पडल्यास मदतीचे संदेश पोहोचविता येतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ऑक्टोबर १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप आणि डिसेंबर २००४ मधील त्सुनामी या प्रसंगी हौशी रेडिओचालकांनी हे कार्य केले आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. हौशी सेवेच्या कंपनसंख्या परवानाधारक व्यक्ती व मंडळे यांच्यासाठी आहेत. शासकीय खात्यांचे नित्याचे कामकाज त्यांवरून चालविता येत नाही. पोलीस व इतर खात्यांच्या बिनतारी यंत्रणा स्वतंत्र असतात. तथापि, वाहनावर संच बसविण्याची तत्त्वे दोहोंना सारखीच लागू पडतात.

अंतराचे गणित

संच निवडण्यापूर्वी किती अंतरावर बोलावयाचे आहे, हे ठरविले पाहिजे. भारतात हौशी सेवेस उपलब्ध असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. त्यांचा पल्ला मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतो. उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणिले असता सपाट प्रदेशातील पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. जीपवर २ मीटर उंचीवर असलेल्या अँटेनाचा पल्ला सुमारे ६ किलोमीटर. म्हणजे दोन जीपमध्ये संपर्क राहील तो सुमारे १२ किलोमीटरपर्यंत. मुख्य केंद्रावर २० मीटर उंचीचा खांब असल्यास त्याचे १८ आणि जीपचे ६ मिळून हे अंतर २४ किलोमीटर होते.

परभणी ते गंगाखेड हे सरळ रेषेतील अंतर ३० किलोमीटरहून अधिक आहे. गंगाखेडच्या पुढे गोदाकाठी गेलेली जीप परभणीशी थेट बोलू शकेल, अशी अपेक्षा ठेवणे म्हणूनच चूक ठरेल. ५ वॅटऐवजी ५० वॅटचा संच घेतल्याने आवाज स्पष्ट होतो, पण क्षितिज दूर सरकत नाही. याला दोन उपाय आहेत. पहिला उपाय असा, की पोखर्णीच्या परिसरासारख्या मधल्या ठिकाणी दुसरा चालक बसवावा आणि त्याने ऐकलेला संदेश पुढे सांगावा. दुसरा उपाय ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन खाली येतात. त्यामुळे दिवसा त्यांवरून जिल्ह्याबाहेरही संपर्क साधता येतो. उत्तरेस जिंतूरकडील डोंगराळ भागात आणि दक्षिणेस बालाघाटाच्या रांगांत टेकडी आड आली, तरी हा मार्ग खुला राहतो.

अँटेनाची जागा

१४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे २ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरची सरळ काडी या कामास पुरते. तिला खाली धातूचा पत्रा लागतो. तो पत्रा अँटेनाचा जणू दुसरा अर्धा भाग असतो. त्यामुळे पत्र्याच्या छताचा मध्यभाग ही सर्वांत उत्तम जागा होय. कापडी छताच्या जीपमध्ये काचेच्या चौकटीला भक्कम पट्टी जोडून त्यावर अँटेना बसवावी. बंपरवर बसविलेली अँटेना सोयीची दिसते, परंतु वाहनाचा सांगाडा आड येऊन एका दिशेचा संपर्क कमजोर पडतो. हातातील लहान संचही वाहनात बसून वापरल्यास पत्र्यामुळे क्षीण होतो. त्यासही बाहेरची अँटेना जोडावी.

७ मेगाहर्ट्‌झसाठी चतुर्थांश लांबी १० मीटरहून अधिक होते. एवढी काडी चालत्या वाहनावर अशक्य असल्याने तारेचे वेटोळे असलेली आखूड अँटेना वापरतात. तिची कार्यक्षमता कमीच असते. म्हणून गावात पोहोचल्यावर वाहन थांबवून दोन झाडांमध्ये सुमारे २० मीटर लांबीची, मधोमध जोडलेली तार टांगणे अधिक हितावह ठरते. तार अथवा खांब उभारण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत, याची खात्री करून घ्यावी. संदेश देत असताना अँटेनाला कोणी स्पर्श करू नये. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसलेली असल्यास याची विशेष दक्षता घ्यावी.

बाभळीच्या फांद्या आणि खाचखळगे यांच्यापुढे ताठ जोडणी टिकत नाही. बुडाशी स्प्रिंग असलेली काडी वाकून पुन्हा सरळ होते. केबलच्या जोडात पाणी शिरू नये म्हणून तो जलरोधक पट्टीने गुंडाळावा. बसविल्यानंतर परावर्तन मापकाने तपासणी करावी. मापकावर १.५ आल्यास केवळ ४ टक्के शक्ती परत येते. ३ आल्यास २५ टक्के परत येते व संचाला धोका पोहोचतो.

वीजपुरवठा

१०० वॅटचा संच संदेश देताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. सिगारेट पेटविण्याच्या खोबणीतून हा प्रवाह घेऊ नये. बॅटरीपासून थेट दोन तारा आणाव्यात आणि बॅटरीजवळ त्यांना फ्यूज बसवावेत. जाण्यायेण्याची मिळून ८ मीटर तार २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असल्यास १ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. ६ चौरस मिलिमीटर तारेत तो अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. जीप व ट्रॅक्टर यांची विद्युतयंत्रणा सामान्यतः १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा संच ट्रकला थेट जोडल्यास तो जळून जाईल.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

संच महाग आहे की स्वस्त, यापेक्षा तो कसा बसविला आणि केव्हा तपासला, याला अधिक महत्त्व आहे. मे महिन्यातच वाहन प्रत्यक्ष नदीकाठच्या गावांपर्यंत नेऊन कोठून आवाज पोहोचतो आणि कोठून नाही, याचा नकाशा तयार करावा. वाहनावर संच वापरण्यास परवान्यातील अटींनुसार मुभा आहे, याचीही खातरजमा करावी. विज्ञान शिक्षकांनी शाळेत या परीक्षेची तयारी करवून घेतल्यास आणि ग्रामपंचायतींनी परवानाधारकांची नोंद ठेवल्यास तालुक्याच्या आपत्ती आराखड्यास बळकटी येईल. पाण्याने वेढलेल्या गावातून किती माणसे अडकली आहेत, कोणाला औषध हवे आहे आणि पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढे कळले तरी होडी योग्य गावाकडे वळते. एवढा संदेश वेळेवर पोहोचावा, यासाठीच ही सारी तयारी आहे.