मृतांना बोलावणारी चळवळ आणि तिचे मुंबईतील पहिले दिवस



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. या निमित्ताने आमच्या समूह बैठकीत नेहमीप्रमाणे शास्त्रवाचन झाले आणि मग एका भगिनीने एक प्रश्न विचारला. तिच्या परवानगीने तो येथे मांडत आहोत. तिचा मुलगा लोकलमधून पडून गेला. काही महिन्यांनी ओळखीतल्या एका बाईने तिला दूरच्या एका उपनगरात नेले. तेथे एक गृहस्थ डोळे मिटून बसतात, त्यांचा हात आपोआप कागदावर चालतो आणि गेलेली व्यक्ती निरोप देते, असे सांगितले जाते. निरोप आला. मुलगा सुखात होता. पैसेही द्यावे लागले. भगिनीचा प्रश्न साधा होता : ‘तो माझाच मुलगा होता का? आणि मी पाप केले का?’

त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. कोणीतरी ‘हे सगळे सैतानाचे’ म्हणाले, कोणीतरी ‘हे सगळे थोतांड’ म्हणाले, आणि ती गप्प बसली. म्हणून आम्ही ठरवले की या गोष्टीचा मुळापासून अभ्यास करायचा. तो करताना असे लक्षात आले की या चळवळीचा एक धागा आपल्या मुंबईत, गिरगावात येऊन पोहोचतो.

सुरुवात अमेरिकेत झाली. ३१ मार्च १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात मार्गारेट आणि केट फॉक्स या शाळकरी वयाच्या दोघी बहिणींच्या खोलीत ठकठक आवाज येऊ लागले. मुलींनी प्रश्न विचारायचे आणि ठोक्यांनी उत्तर यायचे. शेजारी जमले, मग गाव जमले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉचेस्टर शहरातील सभागृहात तिकीट लावून त्याचा जाहीर प्रयोग झाला. यालाच पुढे स्पिरिच्युअलिझम हे नाव मिळाले. मराठीत आपण त्याला परलोकविद्या म्हणू.

हे इतके पसरले कसे? फसवणूक हे उत्तर पुरेसे नाही. त्या काळात क्वचितच एखादे घर असे असेल की जेथून मुलाची शवपेटी निघाली नव्हती. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेत लाखो तरुण मेले आणि कित्येकांची कबर कोठे आहे हेही आईला कळले नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुलगा विली १८६२ मध्ये वारला, तेव्हा त्याची आई अशा बैठकांना बसू लागली. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या किथली गावी १८५३ मध्ये या मंडळींचा पहिला संघ उभा राहिला. पुढे त्यांची प्रार्थनागृहे झाली, गीते झाली, मुलांसाठी आपल्या रविवारच्या धर्मशिक्षणासारखे वर्गही झाले. वेदीच्या जागी माध्यम बसणारी व्यक्ती आली, एवढाच फरक. पण तो एवढाच नाही, हे पुढे येईल.

फॉक्स बहिणींचे काय झाले? मार्गारेटचे ज्याच्यावर प्रेम होते तो ध्रुवप्रदेशाचा प्रवासी डॉ. केन १८५७ मध्ये मरण पावला. १८५८ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये कॅथोलिक बाप्तिस्मा घेतला. बैठका सोडल्या, पण पुढे गरिबी आणि दारू यांनी तिला पुन्हा त्याच टेबलाकडे आणले. २१ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या भरलेल्या सभागृहात तिने स्वतःच जाहीर केले की ते ठोके पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढलेले होते, आणि ते करूनही दाखवले. पुढच्या वर्षी तिने हा कबुलीजबाब मागे घेतला. दोघी बहिणी पुढच्या काही वर्षांत हलाखीत मेल्या. तिचा बाप्तिस्मा आणि तिचे घसरणे हे दोन्ही वाचताना आम्हाला तिचा राग आला नाही, वाईटच वाटले.

आता मुंबईकडे येऊ. १८७४ मध्ये व्हरमाँट राज्यातील एका शेतघरात मृतात्मे दिसतात अशी बातमी होती. ती तपासायला हेन्री स्टील ऑल्कॉट हे वकील गेले. ते यादवी युद्धात कर्नल होते आणि लष्करी खरेदीतील लबाड्या शोधण्याचे काम त्यांनी केले होते. लबाडी पकडणारा हा माणूस तेथे मात्र भारावून गेला. तेथेच त्यांची हेलेना ब्लाव्हाट्स्की या रशियन बाईंशी गाठ पडली. १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या दोघांनी इतर काही जणांसह थिऑसॉफिकल सोसायटी, म्हणजे ब्रह्मविद्या समाज, स्थापन केला. त्याच वर्षी मुंबईत स्वामी दयानंद सरस्वतींनी आर्य समाज स्थापन केला होता. पत्रव्यवहारातून दोन्ही संस्थांचे काही काळ एकीकरणही झाले.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी ऑल्कॉट, ब्लाव्हाट्स्की आणि त्यांचे दोन सहकारी बोटीतून मुंबईला उतरले. गिरगावात त्यांची सोय झाली. ज्यांनी स्वागत केले त्यांनीच काही दिवसांनी स्वागताच्या खर्चाचे बिल पुढे ठेवले, असे ऑल्कॉट यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. पाहुण्यांना मुंबईची ओळख लवकर झाली म्हणायची! २३ मार्चला फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये ऑल्कॉट यांचे पहिले जाहीर व्याख्यान झाले. साहेबाने येऊन ‘तुमचा धर्म, तुमचे ग्रंथ थोर आहेत’ असे सांगावे, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. मिशनऱ्यांकडून नेहमी उलटे ऐकणाऱ्या सुशिक्षितांना ते गोड वाटले यात आश्चर्य नाही. आपल्या पूर्वीच्या धर्मप्रचारकांच्या बोलण्यातील कडवटपणाचाही यात वाटा होता, हे प्रांजळपणे मान्य करावे.

एप्रिलमध्ये ही मंडळी रेल्वेने नेरळला गेली आणि माथेरान, खंडाळा करीत कार्ल्याची लेणी पाहून आली. म्हणजे ठाण्याची खाडी ओलांडून, आपल्या कळव्यावरून, पारसिकच्या पायथ्यानेच त्यांची गाडी गेली. खारेगाव-विटाव्यातील आपले आगरी-कोळी शेजारी एकवीरेच्या यात्रेला जातात, तीच ही लेणी. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी त्या प्रवासाची रशियन वर्तमानपत्रासाठी जी वर्णने लिहिली, त्यांत पाहिलेले किती आणि रचलेले किती, हे सांगणे कठीण आहे.

ऑक्टोबर १८७९ मध्ये मुंबईतूनच ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक निघाले. मराठी माणसेही जवळ आली. तुकोबांच्या गाथेची १८८९ ची आवृत्ती काढणारे तुकाराम तात्या पडवळ त्यांपैकी एक. दुसरा दामोदर मावळणकर, आणि त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. श्रीमंत कऱ्हाडे ब्राह्मण घरातला हा मुलगा १८५७ मध्ये जन्मला. लहानपणी मोठ्या आजारात त्याला एका तेजस्वी पुरुषाचे दर्शन झाले होते, असे तो सांगे. सोसायटीच्या ‘महात्म्यां’मध्ये आपल्याला तोच पुरुष सापडला अशी त्याची खात्री झाली. १८७९ मध्ये तो सभासद झाला. पुढच्या वर्षी त्याने जात सोडल्याचे मासिकात लिहून जाहीर केले. वडील दुरावले. बालपणी लग्न झालेली पत्नी मागे राहिली. हा तरुण रात्रंदिवस कचेरीत बसून पत्रे लिही आणि अंक पाठवी. फेब्रुवारी १८८५ मध्ये गुरूंच्या शोधात तो मद्रासहून निघाला, दार्जिलिंग-सिक्कीमच्या वाटेने तिबेटकडे गेला आणि परत आला नाही. वय सत्तावीस. ज्यांनी बैठका भरवल्या ते म्हातारे होऊन मेले. ज्याने मनापासून विश्वास ठेवला तो बर्फात गेला.

मुंबईत ब्रीच कँडीच्या बंगल्यात चमत्कारांची चर्चा वाढत होती. छतातून पत्रे पडत, हरवलेल्या वस्तू सापडत. १८८२ मध्ये स्वामी दयानंदांनी या मंडळींशी जाहीरपणे संबंध तोडले, आणि त्याच डिसेंबरमध्ये सोसायटीचे मुख्य ठाणे मद्रासजवळ अड्यारला हलले. १८८४ मध्ये घर सांभाळणाऱ्या कुलोंब दांपत्याने चमत्कार कसे घडवले जातात हे सांगणारी पत्रे एका ख्रिस्ती मासिकाला दिली. लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसन यांना तपासाला पाठवले आणि १८८५ च्या अहवालात त्यांनी बाईंना फसवणूक करणारी ठरवले. एकशे एक वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हा अहवाल एकतर्फी होता असे लिहिले. दोन्ही बाजू सांगणे हे आमचे काम.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. बैठकीत बोलतात ते आपले मृत आप्त नव्हेत, मागे राहिलेली पोकळ टरफले बोलतात, असे खुद्द ब्लाव्हाट्स्कीबाईच म्हणत. म्हणजे मृतांना बोलावण्याच्या वेडातून जी चळवळ निघाली, तिच्याच प्रमुख बाईंनी आईला ‘तो तुझा मुलगा नाही’ असे सांगितले. तरीही मृतांची ओढ थांबली नाही. पुढे मराठीत वि. द. ऋषी यांनी पत्नीच्या निधनानंतर परलोकविद्येचा मोठा प्रचार केला. वसतिगृहात प्लँचेट फिरवणारी मुले आजही भेटतात.

आणखी एक फाटा आपल्या भाविकांचा गोंधळ करणारा आहे. १९१६ मध्ये जेम्स वेजवुड आणि सोसायटीचे लेडबीटर यांनी लिबरल कॅथोलिक चर्च उभे केले. बिशप, मिस्सा, धूप, वस्त्रे सारे आपल्यासारखे आणि आतली शिकवण पुनर्जन्माची. नावात ‘कॅथोलिक’ असले तरी रोमशी त्याचा संबंध नाही. जुलै १९१९ मध्ये रोमच्या होली ऑफिसने थिऑसॉफीची शिकवण कॅथोलिक श्रद्धेशी जुळत नाही असा निर्णय दिला. त्याआधी एप्रिल १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाने घरोघर रडे आणले होते तेव्हाच, मृतात्म्यांच्या बैठकांना नुसते बघे म्हणून जाणेही मना केले होते. १९९२ च्या ‘कॅथोलिक श्रद्धाग्रंथा’च्या २११६ व्या परिच्छेदात हीच शिकवण आहे : ज्योतिष, माध्यम, मृतांना बोलावणे हे सर्व देवाला देय असलेल्या भक्तीच्या विरुद्ध आहे, कारण त्यामागे काळावर आणि माणसांवर ताबा मिळवण्याची इच्छा असते.

पवित्र शास्त्रात अनुवाद १८ आणि लेवीय १९ मध्ये ही बंदी आहे. पण आमच्या समूहाला जास्त शिकवले ते १ शमुवेल २८ या अध्यायाने. शौल राजाने स्वतःच भूतविद्या करणाऱ्यांना देशातून घालवले होते. मग युद्ध अंगावर आले, देव उत्तर देईना, तेव्हा तोच वेष बदलून रात्री एन-दोरच्या बाईकडे गेला. शमुवेल आला तो दिलासा घेऊन नव्हे. शौल जमिनीवर कोसळला. दिवसभर त्याच्या पोटात अन्न नव्हते. आणि मग ती बाई, जिला त्याने जिवाच्या भीतीत ठेवले होते, त्याला उठून चार घास खायला लावते, घरचे वासरू कापते, भाकरी भाजते. शास्त्र तिच्या विद्येला क्षमा करीत नाही, पण तिचे हे जेवण लिहायलाही विसरत नाही.

त्या भगिनीच्या प्रश्नावर येऊ. तो तिचा मुलगा होता का? आपल्या श्रद्धेप्रमाणे मृत देवाच्या हाती आहेत. कोणाच्या पेन्सिलीच्या टोकाशी, ठरलेल्या दराने, ते येत नाहीत. पण आपला त्यांच्याशी संबंध तुटलेला नाही. २ मक्काबी १२ मध्ये यहूदाने मृतांसाठी अर्पण पाठवले. आपण मिस्सात त्यांची नावे घेतो, संतांच्या सहभागात ते आणि आपण एकच शरीर आहोत. आपण त्यांच्यासाठी देवाशी बोलतो; त्यांच्याकडून बातमी मागत नाही. फरक येथेच आहे.

पाप केले का? निषिद्ध गोष्ट आहे हे तिला माहीत नव्हते आणि दुःखाने ती वेडी झाली होती. बाकीचे तिने आपल्या धर्मगुरूंशी प्रायश्चित्त संस्कारात बोलावे. पण आमच्या समूहाचेही काही देणे लागते. मुलाच्या महिन्याच्या मिस्सानंतर आमच्यापैकी एकही जण तिच्या दारी गेला नव्हता. पाण्याचे, मुलांच्या परीक्षांचे, पाळीचे, सगळ्यांना कारण होते. ओळखीतली ती बाई मात्र दर आठवड्याला येत होती.

१ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास, नेहमीच्या अटींवर, त्यांच्यासाठी पूर्ण दंडमोचन मिळते. २ तारखेच्या मिस्सासाठी मृतांची नावे लिहून द्यावीत. सोबत पैसे घालण्याची सक्ती नाही.

आमचा समूह येत्या बुधवारी जपमाळेसाठी त्या भगिनीच्या घरी जाणार आहे, आणि पुढच्याही बुधवारी. निरोपाचा तो कागद अजून तिच्या बायबलमध्ये ठेवलेला आहे. तो फाडून टाक असे आम्ही तिला सांगितलेले नाही.