नात्यांचा नकाशा : इरावती कर्वे

इरावती कर्वे भूगोलाच्या प्राध्यापक नव्हत्या. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवले. तरीही प्रदेश म्हणजे काय, या प्रश्नाचे माझ्या उपयोगाचे उत्तर मला त्यांच्याकडेच सापडले.

त्यांची सुरुवात कवट्या मोजण्यापासून झाली. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी प्रबंध केला. वंश आणि कवटीची असमानता यांचा संबंध त्यांना आढळला नाही, आणि तसे त्यांनी लिहिलेही. मापनपट्टी मात्र पुढेही सुटली नाही. त्यांच्या त्या कामापेक्षा त्यांचा कान मला अधिक भरवशाचा वाटतो.

हा कान 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात दिसतो. भाषा, जात आणि कुटुंबरचना एकत्र पाहून त्यांनी देशाचे विभाग पाडले. महाराष्ट्र आणि गुजरात मधल्या विभागात आले. उत्तरेत मामाची मुलगी सर्वसाधारणपणे वर्ज्य, दक्षिणेत पसंतीची. मराठी मुलखात अनेक जातींत ती चालते. म्हणून तर सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत आली. लग्नाचा नियम संबोधनात मुरलेला असतो.

'परिपूर्ती'तील 'वाटचाल' हा वारीवरचा लेख अधिक परिचित आहे. पंढरीला जाणाऱ्यांचा तो महाराष्ट्र, ही त्यातली कल्पना सर्वांना पाठ असते. दिंडीत जातवार वेगळी बसणारी पंगत पाहून बाईंना झालेला त्रास सहसा कुणी सांगत नाही. टोकरखाड्यात बसून वाचताना मला आणखी एक अडचण जाणवते. आमच्या आसपासच्या वारली घरांत पंढरपूरचे नाव क्वचितच निघते. मग ती घरे कुठल्या नकाशावर?

गेल्या वर्षी मी वर्गात नात्यांचे शब्द लिहून आणायला सांगितले. वडिलांच्या बहिणीला कुणी आत्या लिहिले, गुजराती घरातल्या मुलाने फोई. एका वारली मुलीने घरचा शब्द लिहून खोडला होता आणि वर 'आत्या' लिहिले होते.

"खोडलास का गं?"

"सर, पुस्तकात हा नाही."

तिला मी कर्व्यांच्या ग्रंथातली संबोधनांची कोष्टके दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने खोडलेला शब्द 'आत्या'शेजारी पुन्हा लिहिला, आणि मामाच्या बायकोला घरी काय म्हणतात तेही.