जत्रेहून आलेल्या घोड्याचा ताप आधी मोजा

तुळशीचं लग्न लागलं की वरातीच्या घोड्यांना उसंत नसते. पाठोपाठ मार्गशीर्ष येतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार भरतो, नंतर वद्य चतुर्दशीला नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्रा. अकलूजचा बाजार त्याआधीच दिवाळीच्या सुमारास होऊन गेलेला असतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातले घोडे या दिवसांत आपल्या खुंट्यांना येऊन बांधले जातात. चाल बघून, दात मोजून, भोवरे तपासून सौदा होतो. जनावराच्या अंगात ताप आहे का, हे मात्र सहसा कोणी बघत नाही.

घरी आल्यावर चार-आठ दिवसांत घोडं चंदीला तोंड लावत नाही. मान पुढे ताणून उभं राहतं. नाकातून आधी पाणी येतं, मग पिवळट घट्ट शेंबूड. जबड्याखाली, दोन हाडांच्या बेचक्यात, लिंबाएवढी गाठ लागते आणि हात लावू देत नाही. या रोगाला पशुवैद्यक ‘स्ट्रँगल्स’ म्हणतात. गाठी सुजून गळा आवळला जातो आणि घोडं घोरल्यासारखं श्वास घेतं, त्यावरून हे नाव पडलं. ‘स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय’ या जिवाणूमुळे तो होतो. घोडा, गाढव, खेचर हे त्याचे धनी. गोठ्यातल्या गाईम्हशींना तो लागत नाही. म्हशींच्या घटसर्पाशी नाव जोडून काही जण घोड्यालाही घटसर्पाची लस टोचायला सांगतात. दोन्ही रोगांचे जिवाणू वेगळे आहेत, त्या लशीचा इथे काडीचा उपयोग नाही.

लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत ३ ते १४ दिवस जातात. म्हणजे बाजारात टवटवीत दिसलेलं घोडं घरी येऊन आजारी पडलं तर विकणाऱ्याने फसवलंच असं नाही. त्यालाही कदाचित दिसलं नसेल. यातली कामाची गोष्ट अशी की आधी ताप येतो आणि नाकावाटे जिवाणू बाहेर पडायला त्यानंतर साधारण दोन दिवस लागतात. हे दोन दिवस तुमचे आहेत. ज्याने ताप वेळेत पकडला, त्याचा बाकीचा तबेला वाचला. गाठ दिसल्यावर धावाधाव करणाऱ्याच्या हातातून ही वेळ निघून गेलेली असते.

त्यासाठी औषधाच्या दुकानातला साधा डिजिटल तापमापक पुरे. टोकाला व्हॅसलीन लावा, घोड्याच्या बाजूला उभं राहून (मागे कधीच नाही) गुदद्वारात घाला आणि बीप वाजेपर्यंत धरून ठेवा. तो हातातून सुटू नये म्हणून दोरी बांधून दुसरं टोक चिमट्याने शेपटीच्या केसांना लावतात. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतं. या रोगात ते १०३ ते १०६ पर्यंत जातं. नवीन आलेल्या घोड्याचा ताप सकाळ-संध्याकाळ, फिरवण्याआधी मोजा आणि भिंतीवर खडूने लिहा. आकडा १०१.५ च्या वर गेला की गाठीची वाट न बघता त्याला वेगळं बांधा.

खरं तर आलेला प्रत्येक घोडा पहिले ३ आठवडे वेगळाच हवा. जागा नाही, ही सबब मला अनेकांनी सांगितली आहे. शेताच्या दुसऱ्या टोकाला झाडाखाली चार पत्रे टाकले तरी भागतं. एका वरातवाल्याकडे मी पाहिलं होतं, नवं शिंगरू अंगणाच्या पार पलीकडे बांधलेलं. पण तोबरा एकच, तो चारही जनावरांच्या तोंडाला फिरत होता. अंतराचा मग काय उपयोग! हा रोग मुख्यतः नाकातला शेंबूड आणि गाठीतला पू लागून पसरतो. सामाईक हौद, बादली, लगाम, मोहरकी, खराऱ्याचा ब्रश, मोतद्दाराचे हात आणि त्याच्या खांद्यावरचा गमछा, एवढे सगळे त्याचे रस्ते. बादली भरताना पाण्याच्या नळीचं टोक आत बुडवलं तर तेही. पाण्यात हा जिवाणू काही आठवडे तग धरतो, म्हणून हौद उपसून, घासून, वाळवून मगच भरा. आजारी घोड्याच्या सामानाला लाल रंगाचा पट्टा मारा आणि शक्यतो एकच माणूस त्याच्यासाठी ठेवा. तसा माणूस नसेल तर आधी निरोगी, मग संशयित, शेवटी आजारी हा क्रम पाळा. जंतुनाशक फवारण्याआधी लीद-शेंबूड धुऊन काढा, घाणीवर टाकलेलं औषध वाया जातं.

आता गाठीची सेवा. ती पिकायला आणि फुटायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. सोसवेल एवढ्या गरम पाण्यात टॉवेल पिळून दिवसातून तीनदा, पंधरा-वीस मिनिटं शेका. गाठ मऊ पडते, वरचे केस झडतात, कातडी पातळ होते, मग ती आपसूक फुटते किंवा पशुवैद्यक चिरा देतात. कच्च्या गाठीला ब्लेड लावू नका, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. बिब्बा घालणं आणि डाग देणं आता तरी सोडा. भाजलेल्या कातडीची जखम आतल्या पुवापेक्षा जास्त दिवस पुरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गाठ फुटताना खाली जुनी वर्तमानपत्रं धरा. पू जमिनीवर सांडू देऊ नका. कागदासकट जाळा किंवा चुना टाकून खोल पुरा. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहासारखं करून, भोक आतून भरत येईपर्यंत रोज धुवा. माश्या बसत असतील तर कडेने माशीरोधक मलम लावा, नाहीतर अळ्या पडतात.

घसा दुखत असल्याने घोडं उपाशी राहतं, त्याला भुकेचा अभाव समजू नका. कडबा, कोरडा हरभरा बंद करा. गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवून, चिमूटभर मीठ घालून द्या. कोवळा लसूणघास बारीक चिरून द्या. पाणी थंडीच्या दिवसांत कोमट करून ठेवा. एक बादली जमिनीवर, एक छातीच्या उंचीवर ठेवून बघा. कुणाला मान खाली घालणं जड जातं, कुणाला वर करणं, घोडं स्वतःच सांगतं.

पेनिसिलीनबद्दल सांगायलाच हवं, कारण पहिल्याच दिवशी सुई मारून घेण्याची सवय आपल्याकडे फार. नुसता ताप आहे, गाठ नाही, तेव्हा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दिलेलं इंजेक्शन रोग थांबवू शकतं. पण मग अंगात प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही आणि साथ सुरू असलेल्या तबेल्यात तेच घोडं पुन्हा पडू शकतं. गाठ आल्यावर दिलं तर पिकणं लांबतं आणि औषध थांबताच गाठ परत डोकं वर काढते. म्हणून खातंपितं घोडं शेक आणि विश्रांतीवर ठेवणं बरं. श्वासाला घरघर लागली, प्यायलेलं पाणी नाकातून परत आलं, अंग गळालं, तर मात्र तासभरही थांबू नका. अशा वेळी श्वासनलिकेला छेद देऊन जीव वाचवावा लागतो. बरं झाल्यावर २ ते ४ आठवड्यांनी पाय सुजले किंवा हिरड्यांवर लाल ठिपके आले, तरीही लगेच दाखवा.

आणखी एक धोका नाकातल्या शेंबडामागे लपलेला असतो, तो ग्लँडर्सचा. नाकात आतल्या बाजूला व्रण, पायांवर माळेसारख्या गाठी फुटणं, दिवसेंदिवस रोडावणं, ही त्याची चिन्हं. तो माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. महाराष्ट्रात २००६ साली त्याने डोकं वर काढलं होतं. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची खबर देणं बंधनकारक आहे. संशय आला तर हातमोजे घाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. रक्तजलाचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. लपवून घोडं पुढच्या बाजारात विकणाऱ्याला माझ्याकडे दयामाया नाही.

स्ट्रँगल्सचे बहुतेक घोडे बरे होतात आणि त्यांतल्या चारापैकी तिघांना पुढे काही वर्षं पुन्हा होत नाही. मात्र दिसायला बऱ्या झालेल्या दहांपैकी एखाद्याच्या घशाजवळच्या हवेच्या पिशवीत जिवाणू महिनोन्महिने दडून राहतो. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा नाक धुऊन घेतलेलं पाणी तपासा किंवा दुर्बिणीने ती पिशवी बघून घ्या. तोवर वरातीला, शर्यतीला, बाजाराला ते घोडं नेऊ नका. बिदागी बुडेल हे खरं. पण शेजारच्या तबेल्यातली सहा घोडी बसली तर त्यांची लग्नसराई तुमच्यामुळे जाते.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. आणि येत्या बाजाराला निघताना गाडीत स्वतःची बादली, स्वतःचा तोबरा आणि तापमापक टाका.