कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, अशी म्हण मराठीत प्रसिद्ध आहे. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. फांदी आतून पोखरलेली असते. कावळ्याचे वजन ते किती! परंतु पाहणाराच्या डोळ्यांना कावळा दिसतो, आतली कीड दिसत नाही. आणि बिचारा कावळा अपराधी ठरतो. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असे मानावयाचे, ही मनुष्याच्या मनाची जुनी खोड आहे. यंत्रयुग आले, त्यामागून संगणकयुग आले. खोड मात्र गेली नाही. घरातील संगणक बिघडतो तेव्हा तर ती फारच महाग पडते.

संगणकावर किंवा मोबाइलवर संकेतस्थळे पाहण्यासाठी जो प्रोग्राम वापरतात, त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांतील परिचित नावे होत. असा प्रोग्राम लक्षावधी ओळींचा असतो आणि तो लिहिणारी शेवटी माणसेच असतात. त्यामुळे त्यात काही चुका राहतातच. काही चुका केवळ गैरसोयीच्या असतात. काही मात्र चोरास घरात वाट करून देणाऱ्या असतात. म्हणून ब्राउझर तयार करणाऱ्या संस्था दर काही आठवड्यांनी सुधारलेली आवृत्ती धाडतात. तिलाच आपण अपडेट म्हणतो. बहुतेक वेळा ते रात्री येते की दुपारी, हे वापरणाऱ्यास कळतही नाही. परंतु अपडेटानंतर एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले, की संशयाचे बोट प्रथम तिकडेच वळते. तो संशय कधी खरा असतो, कधी खोटा. कोणता खरा आणि कोणता खोटा हे कसे ठरवावे, हा प्रश्न आहे.

११ जानेवारी २०२२ रोजी मोझिला या संस्थेने फायरफॉक्सची ९६ वी आवृत्ती प्रसिद्ध केली. दोन दिवस सुरळीत गेले. तिसरा दिवस १३ जानेवारीचा, वार गुरुवार. महाराष्ट्रात त्या दिवशी भोगी होती आणि करोनाच्या नव्या लाटेमुळे शाळा बंद असल्याने पुष्कळ मुले घरी बसून संगणकावर वा मोबाइलवर पाठ घेत होती. त्या दिवशी भारतात दुपार असताना जगभरच्या असंख्य संगणकांवरील फायरफॉक्स एकाएकी मुका झाला. पत्ता लिहावा, पान उघडत असल्याची खूण फिरत राहावी, परंतु पान काही उघडू नये! ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, तरी थोड्या वेळात तीच गत. त्याच संगणकावरील दुसरे ब्राउझर मात्र बिनतक्रार चालत होते. ही स्थिती सुमारे दोन तास टिकली.

अशा वेळी माणसे काय करतात? कोणी राउटरची तार हलवून पाहतो, कोणी इंटरनेट पुरविणाऱ्यावर रागावतो, कोणी संगणकात विषाणू शिरला असे म्हणतो, तर कोणी घाईघाईने ब्राउझरच काढून टाकतो. ज्यास दोन दिवसांपूर्वीचे अपडेट आठवते, त्यास तर शंकाच उरत नाही. परंतु येथे क्षणभर थांबून विचार केला असता एक गोष्ट ध्यानात आली असती. ज्यांनी अकरा तारखेस नवी आवृत्ती घेतली, त्यांचा ब्राउझर अकरा आणि बारा या दोन्ही दिवशी नीट चालला होता. मग तेराव्या दिवशी, जगात सर्वत्र एकाच सुमारास, तो का बंद पडावा? याचा अर्थ, त्या दिवशी आणखी काही तरी बदलले असले पाहिजे.

ते पुढीलप्रमाणे होते. फायरफॉक्स आपल्या चालचलणुकीची माहिती वेळोवेळी मोझिलाच्या सर्व्हरकडे धाडतो. यास टेलिमेट्री म्हणतात. त्या सर्व्हरांकडे येणारा भार वाटून देण्याचे काम गूगल क्लाउडच्या यंत्रणेकडे होते. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी परस्परांशी कसे बोलावे याचे नियम ठरलेले आहेत. त्यांस एचटीटीपी म्हणतात आणि त्यांची तिसरी आवृत्ती सर्वांत नवी. गूगलने पूर्वसूचना न देता आपल्या यंत्रणेतील एक मांडणी बदलली, आणि त्यामुळे फायरफॉक्सची ही टेलिमेट्रीची पत्रे तिसऱ्या आवृत्तीच्या मार्गाने जाऊ लागली. त्या मार्गावर एक जुनी चूक दबा धरून बसली होती.

ती चूक मोठी मौजेची आहे. सर्व्हरकडे धाडावयाच्या मजकुरासोबत, पाकिटावर लिहावी तशी, मजकुराची लांबी सांगणारी एक ओळ असते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षरास मोठे आणि लहान अशी दोन रूपे असतात. आपल्या देवनागरीत हा भेद नाही. एचटीटीपीच्या नियमानुसार अशा ओळीचे नाव मोठ्या अक्षरांनी लिहिलेले असो की लहान, अर्थ एकच धरावयाचा असतो. परंतु फायरफॉक्सच्या तिसऱ्या मार्गावरील शोधणारा भाग अक्षरांचा हा भेद मानीत असे, आणि टेलिमेट्रीचा एक भाग ती ओळ सगळ्या लहान अक्षरांत लिहीत असे. ओळ पाकिटावर होती. पण शोधणारास ती दिसेना. मजकूर किती आहे ते कळेना आणि पत्र पुरे झाले असेही म्हणवेना. तेव्हा तो प्रोग्राम घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच त्या वर्तुळात फिरत राहिला.

बरे, एक पत्र अडले म्हणून सगळाच कारभार का थांबावा? एखाद्या लहान गावच्या टपालकचेरीत एकच खिडकी आणि एकच कारकून असावा, आणि त्याने हातातील पत्राची पाने मोजता मोजता मान वर करू नये. म्हणजे मागच्या रांगेचे काय होईल? फायरफॉक्समध्ये इंटरनेटशी बोलण्याचे काम अशाच एका खिडकीवरून चालत होते. तिथला कारकून घाण्यास जुंपला गेला, आणि बाकीची सारी पाने रांगेत ताटकळत राहिली.

एचटीटीपीची तिसरी आवृत्ती बंद केली की ब्राउझर पुन्हा चालू लागतो, हा अनुभव हाती आला आणि शोधाची दिशा निश्चित झाली. मोझिलाच्या अभियंत्यांनी आपल्या सर्व्हरांच्या बाजूस ती बंद केली, आणि ब्राउझर नव्याने उघडताच लोकांची पाने पुन्हा दिसू लागली. दुसऱ्या दिवशी, १४ जानेवारीस, ९६.०.१ ही दुरुस्त आवृत्ती निघाली. पुढील महिन्यात मोझिलाने ही सारी हकीकत, स्वतःच्या चुकीसह, सविस्तर प्रसिद्ध केली. फांदी आतून पोखरलेली होती. तिला मोडणारा वारा दुसरीकडून आला. आणि अपडेटाचा कावळा केवळ नुकताच येऊन बसला होता.

संशय चुकीचा असला तरी त्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते उतावळ्या उपायाने. याच ब्राउझरच्या इतिहासातील २०१९ सालचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. फायरफॉक्सला जोडून वापरावयाच्या लहान प्रोग्रामांस अ‍ॅड-ऑन म्हणतात. ते विश्वासाचे आहेत हे पटावे म्हणून त्यांवर मोझिलाची एक प्रकारची मोहोर असते. ती मोहोर ज्या प्रमाणपत्राच्या आधारे ओळखली जाई, त्याची मुदत ४ मे २०१९ रोजी संपली, आणि ते वेळेवर बदलावयाचे राहून गेले. मोहोर दिवसातून साधारण एकदा तपासली जात असल्याने कोणाचे अ‍ॅड-ऑन सकाळी बंद पडले, तर कोणाचे रात्री. वापरणाराने काहीच केले नव्हते. अशा वेळी अ‍ॅड-ऑन काढून टाकून पुन्हा बसविण्याचा मोह अनावर होतो. परंतु अ‍ॅड-ऑन काढले की त्याने साठविलेली माहितीही त्याजबरोबर जाते. म्हणून ते काढू नका, असे मोझिलाने लोकांस बजावले. दुसऱ्याच दिवशी, ५ मे रोजी, दुरुस्त आवृत्ती आली. ज्यांनी एक दिवस धीर धरला, त्यांचे सर्व जागच्या जागी राहिले. ज्यांनी घाई केली, त्यांनी दुसऱ्याच्या चुकीसाठी स्वतःची माहिती गमावली.

याउलट, संशय खरा ठरण्याचे प्रसंगही येतात. २२ मार्च २०२१ रोजी पुष्कळ अँड्रॉइड मोबाइलांवर जीमेलसारखी अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. अ‍ॅपच्या आत संकेतस्थळाचा मजकूर दाखविणारा वेबव्ह्यू नावाचा एक भाग असतो. त्याचे अपडेट मागे घेतले की अ‍ॅप्स चालू लागतात, असे लोकांना आढळून आले. गूगलने दोष आपल्याच प्रोग्रामांत असल्याचे मान्य केले आणि वेबव्ह्यू व क्रोम यांच्या दुरुस्त आवृत्त्या दिल्या. येथेही संशयास पुरावा मिळाला तो करून पाहिल्यानंतरच. एक गोष्ट बदलली, परिणाम पाहिला, आणि मग निर्णय केला.

हीच शोधाची खरी रीत होय. ब्राउझर बिघडला असता प्रथम काहीही पुसू नये. बिघाड कोठवर पसरला आहे ते आधी पाहावे. एकच संकेतस्थळ उघडत नाही की सर्वच? त्याच संगणकावरील दुसरा ब्राउझर चालतो काय? घरातील दुसऱ्या उपकरणावर तेच पान उघडते काय? दुसरा ब्राउझर चालत असेल, तर इंटरनेटची तार सहसा निर्दोष समजावी. एकच संकेतस्थळ अडले असेल आणि ते सगळीकडेच अडले असेल, तर दोष त्या संकेतस्थळाचा असण्याचा संभव अधिक. या तीन प्रश्नांस पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि निम्मे संशयित आपोआप सुटतात.

त्यानंतर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. तेवढ्याने न भागल्यास खासगी विंडोत तेच पान उघडून पाहावे. तेथे ते उघडले, तर जुन्या साठवणीतील काही तरी आड येत आहे असा तर्क करता येतो. मग अ‍ॅड-ऑनांची पाळी येते. फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड नावाची सोय आहे. तीत अ‍ॅड-ऑन तात्पुरते बंद राहतात, पण काढले जात नाहीत. तेवढ्याने ब्राउझर सुधारला, तर अपराधी बहुधा अ‍ॅड-ऑनांतच आहे. तो शोधण्यासही युक्ती आहे. सोळा अ‍ॅड-ऑन असतील तर आठ बंद करावे. बिघाड राहिला तर अपराधी चालू असलेल्या आठांत, गेला तर बंद केलेल्या आठांत. आठांतून चार, चारांतून दोन, दोहोंतून एक. सोळा वेळा खटपट करण्याऐवजी चार वेळांत काम होते.

हे करताना दोन नियम कटाक्षाने पाळावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि गुण आला नाही तर ती पूर्ववत करावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड जाईल कदाचित, परंतु तो कशाने गेला हे कळणार नाही. दुसरा नियम, काय केले आणि काय झाले ते कागदावर लिहावे. कोणाची मदत मागण्याची वेळ आलीच, तर असा कागद दहा तक्रारींपेक्षा अधिक उपयोगी पडतो. ब्राउझर काढून पुन्हा बसविणे हा अगदी शेवटचा उपाय; कारण आपल्या खुणा, पासवर्ड आणि मांडणी ही प्रोग्रामात नसून प्रोफाइल नावाच्या वेगळ्या साठ्यात असतात. दोष त्या साठ्यातच असेल तर नुसता प्रोग्राम बदलून तो जात नाही, आणि घाईत साठाच पुसला गेला तर वर्षांची जमवाजमव एका क्षणात नाहीशी होते.

एकदा ठेच लागली म्हणून पुढील सर्व अपडेट बंद करून ठेवणारेही पुष्कळ असतात. पावसाने फुगलेले दार एकदा अडकले म्हणून कोणी दाराची कडीच काढून टाकीत नाही. अपडेट बंद राहिले की ज्या वाटा संस्थेने बुजविल्या, त्या आपल्या घरापुरत्या उघड्याच राहतात. आणि त्या कोठे आहेत, हे तोवर साऱ्या जगास कळलेले असते.

जगात सदोष अपडेट येतात आणि पुढेही येतील. त्यांचा दोष काढणे आपल्या हाती नसते. आपला निर्णय मात्र आपल्या हाती असतो. संशय येणे स्वाभाविक आहे. संशयास पुरावा समजणे हे अविचाराचे लक्षण आहे. जो तपासून पाहतो, तो कधी चुकला तरी आपली चूक त्याच्या लवकर ध्यानात येते. ही सवय केवळ यंत्रांच्या कामी येते असे नव्हे. वर्गात वस्तू हरवली असता शेवटी खोलीतून बाहेर पडलेल्या मुलाकडे सर्वांच्या नजरा वळतात, तेव्हाही तिची तितकीच गरज असते.

अभ्यास

१. अपडेट म्हणजे काय? ते कशासाठी धाडले जाते?
२. १३ जानेवारी २०२२ रोजीचा बिघाड अपडेट आल्यामुळे झाला नाही, असे मानण्यास कोणते कारण आहे?
३. टपालकचेरीतील कारकुनाचा दृष्टान्त कोणती गोष्ट समजावून देण्यासाठी योजला आहे?
४. २०१९ आणि २०२१ या दोन प्रसंगांतील साम्य व भेद आपल्या शब्दांत लिहा.
५. बत्तीस अ‍ॅड-ऑनांपैकी एक सदोष असेल, तर तो पाठात सांगितलेल्या रीतीने किती वेळांत सापडेल?
६. ‘संशयास पुरावा समजणे हे अविचाराचे लक्षण आहे.’ या वाक्यावर स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन दहा ओळी लिहा.